नावं तुटत होती ती कापणी

हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात पिवळं पडायला लागलं की माझं कामात लक्ष लागत नाही. इतरांना या दिवसांत झेंडू आठवतात, दसऱ्याची पानं आठवतात, उन्हाने करपलेल्या गवताचा गोडसर वास आठवतो. मला लॅपटॉपच्या पडद्यावरचं एक तुटलेलं नाव आठवतं. अर्धं एका बाईचं, आणि तिथूनच जोडून पुढचं अर्धं कुणा भलत्याच पुरुषाचं.

यंदाही खिडकीतून शेत दिसतंय. सकाळी दवाने लोंब्या जड होऊन खाली येतात, दुपारी ऊन पाठ भाजतं, आणि चारच्या पुढे माहुलीच्या डोंगराच्या अंगाला ढग जमू लागले की घरातलं प्रत्येक माणूस काही ना काही निमित्ताने अंगणात जाऊन येतं.  दादा विडी पेटवतो आणि विझवतो. वहिनी वाळत घातलेले कपडे उगाच चाचपते. मी लॅपटॉपवर टेस्ट लावून ठेवते आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहते.

मी काय काम करते हे गावात मला कधीच नीट सांगता आलेलं नाही. ‘घरून कंपूटरवर’ एवढ्यावर सगळे थांबतात, आणि त्यातलं ‘घरून’ तेवढं लोकांच्या लक्षात राहतं. खरं तर सांगायला अवघड नाही. प्रोग्रॅम लिहायची एक भाषा आहे. फार मोठी नाही, पण जगात कुठे कुठे लहान दवाखान्यांत, शाळांत, पाणीपुरवठ्याच्या खोल्यांत जुन्यापान्या मशिनवर ती चालते. माणसाने त्या भाषेत लिहिलेलं यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवून देतो तो कम्पायलर. भाषेबरोबर तयार मिळणाऱ्या कामाच्या वस्तूंचं कपाट म्हणजे लायब्ररी: यादी लावायची, नाव शोधायचं, तारीख मोजायची, ते सगळं त्यात. आणि कोणती वस्तू नेमकं काय करते हे ज्यात लिहिलेलं असतं ते डॉक्युमेंटेशन. हे तिन्ही सांभाळणारी आम्ही वेगवेगळ्या देशांतली मूठभर माणसं. लायब्ररी आणि डॉक्युमेंटेशन माझ्याकडे. कम्पायलर मार्टाकडे. ती बर्फाच्या देशात राहते. आम्ही एकमेकींना पडद्यावरच पाहिलेलं. तिच्या मागच्या खिडकीत नेहमी संध्याकाळ असायची आणि माझ्या मागे नेहमी कोंबडा.

त्या वर्षी मार्टाने कम्पायलरला वेगवान केलं होतं. दोन वर्षांची तिची मेहनत. वापरणारे लोक वाट बघत होते, नवी आवृत्ती बाहेर काढायचा दिवस जाहीर झाला होता, आणि तो नेमका आमच्या कापणीच्या आठवड्यात आला. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. माझ्या भागाचं काम संपलं होतं. फक्त शेवटच्या टेस्ट चालवून ‘ठीक’ म्हणायचं होतं.

टेस्ट अगदी साधी होती. पुष्कळशी खोटी नावं तयार करायची, ती अकारविल्हे लावायची, परत छापायची. चालवली, ठीक. पुन्हा चालवली, ठीक. चहा घेऊन आले तर मध्येच एक ओळ लाल. नाव तुटलेलं. पुन्हा चालवली तर सगळं स्वच्छ, जणू काही झालंच नव्हतं.

प्रोग्रॅम धाडकन बंद पडला तर मला भीती वाटत नाही. बंद पडलेलं दिसतं, माणूस शिव्या घालतो आणि दुरुस्त करतो. पण हा बंद पडत नव्हता. एका माणसाच्या नावात दुसऱ्याचं नाव घालून तो शांतपणे पुढे जात होता, कसलीही कुरकुर न करता. कुठल्या तरी दवाखान्यात असंच एका पेशंटच्या नावापुढे दुसऱ्याचं अर्धं नाव येईल आणि समोरची नर्स ते खरं धरेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो गेलाच नाही.

मी सगळ्यांना कळवलं. मार्टाचं उत्तर लगेच आलं. तिने हजारदा चालवून पाहिलं होतं, एकदाही तुटलं नव्हतं. मग तिने विचारलं, “तुझ्याकडे वीज कशी आहे हल्ली?”

तिने ते वाईट मनाने विचारलं नव्हतं. आमच्या बैठकीतून मी किती वेळा मध्येच गायब झाले होते ते तिला माहीत होतं. शिवाय माझा लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली. दुसऱ्या एकाने लिहिलं, मेमरी खराब झाली असेल, तपासून घे. मी तपासली. चांगली निघाली. पण एकदा शंका मनात आली की ‘चांगली आहे’ या उत्तरावरही शंका येते. शेजारच्या शेतातला पंप सुरू झाला की आमचा दिवा मिणमिणतो. दिवा मिणमिणताना नाव तुटतं का हे मी वहीत खुणा करून पाहू लागले. कधी तुटायचं, कधी नाही. कधी दिवा छान लख्ख असताना तुटायचं. दोन दिवसांनी मला माझ्या डोळ्यांचीही खात्री उरली नाही.

आज मागे बघताना त्या दोन दिवसांतली भीती मला वेगळी दिसते. आपलं चुकत असेल याची ती भीती नव्हतीच. आपण बरोबर असू आणि तरी आपलं कुणी खरं धरणार नाही, कारण आपण जिथून बोलतो तिथली वीज जाते, याची ती भीती होती. अशा वेळी माणूस स्वतःच समोरच्याची बाजू घ्यायला लागतो. मीही मनात तेच म्हणत होते, जाऊ दे, खेड्यातलं जुनं मशिन, असेल काही तरी.

दादा भिवंडीकडच्या गोदामात कामाला आहे. त्याने कापणीसाठी दोन दिवसांची रजा काढली होती. भात कापून त्याची कडपं, म्हणजे कापलेल्या मुठी, शेतात वाळत पसरलेली होती. जेवताना तो म्हणाला, “उद्या भारे बांधून खळ्यावर आनायचे. मानसं मिळत नाय. तू पन ये.”

“बघते,” मी म्हणाले.

आमच्या घरात ‘बघते’ म्हणजे हो असंच धरतात. मला ते माहीत होतं.

सकाळी टेस्ट लावली. नाव तुटलं. मी त्या ओळीचा फोटो काढेपर्यंत वीज गेली, आणि त्याच मिनिटाला फोनवर मार्टाचा निरोप आला. उद्या सकाळी आवृत्ती बाहेर काढते आहे. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या कुठल्या मशिनवर हे दिसलं तरच थांबवीन. मला वाईट वाटतं, पण एका मशिनसाठी सगळ्यांना थांबवता येत नाही.

तिचं चुकत नव्हतं. तिच्या जागी मीही हेच लिहिलं असतं.

दुसरं मशिन कुठे मिळणार? घरात नाही, शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली शहापूरला गेलेल्या शिक्षकांकडे. मग मला संगीता आठवली. ती माझ्याबरोबर कॉलेजात होती. मुरबाडला तिचा कॉम्प्युटरचा क्लास आहे, जुन्या घेतलेल्या मशिनची एक रांग, आणि सगळ्या इन्व्हर्टरवर. म्हणजे विजेचा प्रश्नच नाही. मी लॅपटॉप पिशवीत घातला.

वहिनी दारात विळ्याला धार लावत होती. तिने पिशवीकडे पाहिलं.

“कुठं गो?”

“मुरबाडला. दुपारपर्यंत येते.”

“आज?”

“वहिनी, उद्या उशीर होईल. आजच बघायला पाहिजे.”

“आनि भाताला उशीर नाय होनार?” तिने विळा पायरीवर ठेवला. “तुझ्या दादानं रजा टाकलीय. तो काय बोलंल ते तू ऐक. मी नाय सांगायची त्याला.”

“आभाळ मोकळं आहे,” मी म्हणाले. ते खरं होतं. सकाळचं आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. तरी ते वाक्य तोंडातून जाताना मला खोटं वाटलं.

वहिनीने विळा पुन्हा उचलला. “जा,” एवढंच म्हणाली, आणि दगडावर पातं घासायला लागली. रस्त्याला लागेपर्यंत तो आवाज येत होता.

जीप भरेपर्यंत निघत नाही. मी पुढे दोन बायांमध्ये दाबून बसले, लॅपटॉप पोटाशी. दोन्ही बाजूंना लोक भारे डोक्यावर घेऊन बांधावरून चालत होते. एवढी माणसं शेतात असताना आपण पिशवी घेऊन उलट्या दिशेने जातोय हे मला प्रत्येक वळणावर टोचत होतं.

संगीताने सकाळची बॅच सोडली होती. “तीनला दुसरी बॅच येते. तोपर्यंत सगळी मशिन तुझी,” ती म्हणाली. “पण काही फॉरमॅट वगैरे करू नकोस हं बाई, पोरांचं काम आहे त्यात.”

एकेका मशिनवर सगळं चढवायला वेळ गेला. मग मी सगळीकडे तीच टेस्ट सुरू केली आणि मधल्या स्टुलावर बसले. पंखे घरघरत होते. पडद्यांवरून नावं धावत होती. ठीक. ठीक. ठीक. एक वाजला, दीड वाजला. संगीताने डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली ती हातातच राहिली.

“काय होणं अपेक्षित आहे?” तिने विचारलं.

“तुटायला पाहिजे.”

“म्हणजे बिघडायला पाहिजे म्हणून बसलीस?”

मला हसू आलं नाही. खरंच मी प्रार्थना केल्यासारखी बसले होते, बिघड, एकदा तरी बिघड. आणि त्याच वेळी आतून वाटत होतं, न बिघडो. मग आपलंच मशिन खराब. मग घरी जाता येईल, भारे उचलता येतील, सगळे सुटतील.

खिडकीबाहेर ऊन मावळल्यासारखं झालं. दोनच वाजले होते.

“अगं, हे बघ,” संगीता म्हणाली.

दाराजवळच्या मशिनवर लाल ओळ. मी धावले. नाव तुटलेलं. सुरुवात एकाची, शेवट दुसऱ्याचा.  ती ओळ मी बोटाने शिवून पाहिली, पडद्यावरची. थोड्या वेळाने भिंतीकडच्या मशिनवर तुटलं. मग आणखी एकावर. फक्त कोपऱ्यातलं नवीन मशिन निवांत चाललं होतं, एकदाही अडखळलं नव्हतं.

“त्याला कशाला होईल,” संगीता वैतागून म्हणाली, “सगळी मेमरी त्याच्याच बोडक्यावर. बाकीच्यांवर दोन खिडक्या उघडल्या की पोरं बोंबलतात.”

मी तशीच उभी राहिले. मेमरी खराब नव्हती. मेमरी कमी होती.

आमच्या भाषेत नको झालेल्या वस्तू झाडून टाकणारा एक भाग असतो. जागा भरत आली की तो येतो, वापरात नसलेलं सगळं उचलतो आणि ती जागा दुसऱ्याला देतो. मोठ्या मशिनवर जागा भरतच नाही, म्हणून तो क्वचित येतो. लहान मशिनवर तो सारखा येतो. नाव अजून वापरात असताना त्याला ते नको झालेलं वाटत असेल, तर तो ते उचलणार, आणि त्या जागेवर दुसरं नाव येऊन बसणार. मार्टाकडे तो झाडणारा येतच नव्हता. माझ्या गरीब लॅपटॉपवर दर घटकेला यायचा.

मी फोटो पाठवले आणि खाली लिहिलं: तुझ्या मशिनला अगदी थोडी मेमरी वापरायला दे, बाकीची बांधून टाक, आणि मग चालव. आत्ता.

ढग गडगडला. पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले आणि क्षणात पलीकडचा एसटी स्टँड दिसेनासा झाला. फोन वाजला. मार्टाचा असेल म्हणून उचलला. वहिनी होती.

“कुठं हायस?” तिच्या मागे पाऊस आणि माणसांची ओरड ऐकू येत होती. “ताडपत्री कुठं ठेवलीस गो तू? मागच्या टायमाला तूच घडी घातलेलीस.”

“माळ्यावर. पेंढ्याच्या मागे. वहिनी, किती आणलं घरात?”

“निम्मं नाय अजून,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी खिडकीशी उभी. करण्यासारखं काही नव्हतं. जीप मिळाली असती तरी पोचेपर्यंत सगळं झालं असतं. संगीता माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. पडद्यांवर नावं धावतच होती.

मार्टाचा निरोप आला तेव्हा तीनची पोरं छत्र्या झटकत आत येत होती. तिने फक्त एवढंच लिहिलं होतं: तुटलं. माझ्याकडेही तुटलं. आवृत्ती थांबवते.

मला आनंद व्हायला हवा होता.

घरी पोचले तेव्हा पाऊस थांबून पिवळं, आजारी ऊन पडलं होतं. शेतात घोटाभर पाणी आणि त्यात भिजलेली कडपं चिकटून बसलेली. दादा वाकून ती उचलत होता, बांधावर टाकत होता. मी चपला काढून तशीच आत उतरले.

“आता कशाला आलीस?” तो मान वर न करता म्हणाला.

मी त्याच्या शेजारी वाकले. कडपं उचलत राहिले. ओलं भात कोरड्यापेक्षा किती जड असतं हे हातांनाच कळतं. अंधार पडेपर्यंत, वहिनी धरून, आम्ही तिघं काम करत होतो.

पुढचे दिवस विचित्र गेले. सकाळी अंगणात भात पसरायचं, दुपारी उलटायचं, मधल्या वेळात मार्टाबरोबर चूक शोधायची. मला आत कुठे तरी खात्री होती की दोष तिच्या नव्या वेगवान भागात आहे, आणि तिला वाटत होतं माझ्या लायब्ररीत. आम्ही दोघी फार सभ्यपणे बोलत होतो, म्हणजे रागावलेल्या होतो. शेवटी सापडलं ते दोघींच्या मधे होतं. लायब्ररीत फार पूर्वी कुणीतरी एका कामावर शेरा मारून ठेवला होता: हे दिलेली वस्तू वापरून लगेच सोडून देतं, जवळ ठेवत नाही. नंतर दुसऱ्या कुणी ते काम बदललं, ते वस्तू जवळ ठेवू लागलं, पण शेरा तसाच राहिला. डॉक्युमेंटेशनमध्येही तेच जुनं वाक्य. जुना कम्पायलर तो शेरा वाचतच नव्हता, म्हणून इतकी वर्षं काही बिघडलं नाही. मार्टाच्या कम्पायलरने तो वाचला, त्यावर विश्वास ठेवला आणि अजून वापरात असलेली नावं झाडणाऱ्याच्या हवाली केली.

दोष देण्यासारखं माणूसच हाती लागलं नाही, याने आम्ही दोघी जरा खट्टू झालो. मग मार्टा म्हणाली, “मी ते तुझ्या विजेवर ढकललं.” मी म्हणाले, “मीही ढकललं होतं.” त्यानंतर कुठलीही आवृत्ती लहान मशिनवर चालवल्याशिवाय तिने कधी सोडली नाही. मी तो शेरा काढला, डॉक्युमेंटेशनमधलं वाक्य नव्याने लिहिलं. एकच वाक्य. ते नीट जमायला अख्खी सकाळ गेली, आणि लिहिताना अंगणातून आंबूस, उबट वास येत होता. ओल्या भाताला मोड फुटायला लागले होते.

दादा गोदामात कामावर जाऊ लागला. सकाळी निघायचा, रात्री यायचा, माझ्याशी बोलायचा नाही. निरोप वहिनीमार्फत. “तिला सांग गॅस संपलाय.” मी समोर बसलेली असायची. मोड आलेलं भात वेगळं केलं, राहिलेलं गिरणीत नेलं तर तांदूळ तुटून कण्याच झाल्या. वहिनीने कण्यांची पेज करायला सुरुवात केली आणि कधी एका शब्दाने टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं, असं मला रोज वाटायचं.

दिवाळी आली. पणत्या लागल्या, फराळ झाला, सगळं तोंडदेखलं. भाऊबीजेच्या सकाळी मी पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या. दादा पाटावर येईल की नाही याची खात्री नव्हती. आला. आंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून पाटावर बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी ताट उचललं. 

“थांब,” दादा म्हणाला.

मी थांबले.

“त्या दिवशी मुरबाडला गेलेलीस. जे बघायला गेलीस ते खरं निघालं?”

“हो.”

“लोकांचं नुकसान झालं असतं?”

“झालं असतं. कुणाचं ते मला कधी कळलंही नसतं.”

त्याने टोपी मागे सारली. बाहेर कुणाचा तरी फटाका वाजला, कोंबड्या फडफडल्या.

“आनि खरं नसतं निघालं तर? तुझं मशिनच खराब असतं तर? मग नुसतंच भात भिजलं असतं.”

खोटं बोलणं सोपं होतं. चुकलं माझं, तुमच्याबरोबर थांबायला हवं होतं, एवढं म्हटलं असतं की सगळं मिटलं असतं. सण होता.

“तरी मी गेलेच असते, दादा,” मी म्हणाले. “जाऊन बघितल्याशिवाय ते कळायला दुसरा मार्ग नव्हता.”

वहिनी दारातून एक पाऊल पुढे आली. दादाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. राग होता अजून, मी तो ओळखते, लहानपणापासून. तो लगेच जाणारा नव्हता आणि पुरता गेलाय असं मी आजही म्हणणार नाही.

“मग तेव्हा तसं सांगायचं ना,” तो म्हणाला. “‘बघते’ काय? ‘मी नाय येत’ असं सांगायचं. मी कुठनं तरी एक मानूस बघितला असता.”

आणि टोपी सारखी करून, टिळा लावायला त्याने कपाळ पुढे केलं.